काळे ओठ आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म

मूकपटांच्या काळातली अमेरिकन अभिनेत्री थीडा बारा हिचे काळेकुट्ट ओठ आणि डोळ्यांभोवतीचं काजळ म्हणजे निव्वळ भडकपणा, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. त्या काळची कृष्णधवल ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा रंग चटकन टिपायची, पण लाल तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल ओठ पडद्यावर काळे यायचे, चेहऱ्यावरची लाली डागासारखी उमटायची आणि निळे डोळे पांढुरके दिसायचे. म्हणून चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर आणि डोळ्यांना गडद कड. त्याच गुणामुळे लॅबमध्ये लाल दिव्याखाली फिल्म धुता यायची, चित्र कसं उमटतंय ते कारागीर डोळ्यांनी बघत असे. मेकअपवाले आणि लॅबवाले यांची ही कारागिरी आपण फारच कमी लक्षात घेतो.

बाकी थीडाचं गूढ वलय फॉक्स या चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने घडवलं, हे खरंच. स्फिंक्सच्या सावलीत जन्मलेली म्हणून जिची जाहिरात झाली, ती होती ओहायोतल्या सिनसिनाटीच्या शिंप्याची मुलगी, थिओडोसिया गुडमन. १९१५ च्या एका चित्रपटाने ती 'व्हॅम्प', म्हणजे पुरुषांना भुलवून बरबाद करणारी मोहिनी, झाली आणि पुढे त्याच साच्यात अडकली.

तिच्या अभिनयावर निकाल देण्याची घाई मात्र करू नये. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरीत फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचे डबेच्या डबे जळाले. तिचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. १९१७ च्या 'क्लिओपात्रा'चे तर थोडेसे तुकडेच उरलेत. आपण बोलतोय ते मुख्यतः स्थिरचित्रं बघून.