मदत हवी आहे: ३ टेस्ला एमआरआयवर निरोगी बाजूलाही २-एचजी दिसतंय

आयडीएच जनुकात म्युटेशन असलेल्या ग्लायोमात (मेंदूच्या गाठीत) साठणारं २-हायड्रॉक्सीग्लुटारेट (२-एचजी) एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआय मशीनवर ऊतीतली रसायनं मोजून, बघतोय. सीक्वेन्स (पल्सचा क्रम) प्रेस, टीई (एको टाइम) ९७, टीआर (दोन मोजण्यांमधला वेळ) २००० मिलिसेकंद, १२८ ॲव्हरेज, व्हॉक्सेल (मोजायचा ठोकळा) २×२×२ सेंमी, स्पेक्ट्रोस्कोपी कॉन्ट्रास्टच्या आधी. पाण्याची लाइनविड्थ ९ हर्ट्‌झ, म्हणजे शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) ठीक आहे.

अडचण अशी की समोरच्या निरोगी बाजूलाही, जिथे ते जवळपास नसायला हवं, एलसीमॉडेल (स्पेक्ट्रम फिट करणारं सॉफ्टवेअर) २.२५ पीपीएमला (स्पेक्ट्रमवरची जागा) २-एचजी दाखवतं, सीआरएलबी (फिटच्या अनिश्चिततेचा अंदाज) २८%. व्हॉक्सेल कवटीपासून लांब आहे, त्यामुळे तिथल्या लिपिडच्या (चरबीच्या) सिग्नलची शंका नाही. पुन्हा शिम केलं, २५६ ॲव्हरेज घेतले, फरक नाही. शिवाय २५६ ॲव्हरेजच्या साडेआठ मिनिटांत रुग्ण हलतो.

माझा संशय बेसिस सेटवर आहे (प्रत्येक रसायनाच्या अपेक्षित सिग्नलचे नमुने, ज्यांच्यावरून फिट होतो). तो टीई चे दोन भाग, टीई१ ३२ आणि टीई२ ६५, धरून, आदर्श पल्सनी सिम्युलेट केलेला आहे. आमच्या मशीनवर मात्र टीई१ १७ वरच अडकलेला, उरलेले ८० टीई२ मध्ये जातात. जे-कपलिंगमुळे (एकाच रेणूतल्या अणुकेंद्रकांच्या परस्परपरिणामामुळे) ही विभागणी बदलली की २-एचजी, ग्लुटामेट, गाबा सगळ्यांचे आकार बदलतात, आणि ते २.२५ पीपीएमजवळ एकमेकांवर चढलेलेच असतात. सीक्वेन्स बदलायची परवानगी नाही, सेमी-लेझर हा दुसरा सीक्वेन्सही उपलब्ध नाही.

१७/८० आणि खऱ्या पल्स-आकारांनी बेसिस नव्याने केला तर २-एचजी वेगळं ओळखण्याइतका सिग्नल उरतो का? की या मशीनवर टीई ३० च बरा?