मदत हवी आहे: डेंटल क्लिनिक 'ग्रुप बी' की आणखी काही? (जरा तातडीचं)

दाढदुखी:
इथे कुणी आर्किटेक्ट आहे का? बायकोचं क्लिनिक नव्या जागेत हलवतोय, सहा खुर्च्या. आमच्या आर्किटेक्टने नकाशावर 'ग्रुप बी' (ऑफिसं, दवाखाने अशा वापराच्या इमारतींचा गट) लिहिलं होतं. नकाशे तपासणाऱ्या प्लॅन रिव्ह्यूवाल्याने ऑप-४ (उपचाराची चौथी खोली) भोवती ढगासारखी लाल खूण काढून परत पाठवला: "ॲम्ब्युलेटरी केअर? खुलासा करा." ॲम्ब्युलन्सचा काय संबंध? दातांचा दवाखाना आहे हो! भाडं सुरू झालंय.

नीराकाठ:
पुण्यात आम्हाला पार्किंगवरून अडवलं होतं. आधी सोसायटीच्या चेअरमनला भेटा, बाकी सगळं आपोआप होतं.

दाढदुखी:
ताई, मी टेक्सासात आहे. डॅलसजवळ.

रेघोट्या:
हे आधी लिहायचं ना. तिकडे शहरागणिक आयबीसीची (इंटरनॅशनल बिल्डिंग कोड, बांधकामाची नियमावली) आवृत्ती बदलते, तुमची कुठली ते बघा. ॲम्ब्युलन्सचा संबंध नाही. पेशंट २४ तासांच्या आत घरी जातो, पण उपचार चालू असताना आग लागली तर स्वतःहून बाहेर पडू शकत नाही, अशी जागा म्हणजे ॲम्ब्युलेटरी केअर. ग्रुप बीच राहतो, वर कलम ४२२चे जादा नियम लागतात. भूल देता का?

दाढदुखी:
छे. फक्त लाफिंग गॅस.

तात्या_ह्यूस्टन:
मग सोडा. एका वेळी चार पेशंट तसे असतील तरच भानगड. माझ्या मेव्हण्याला काहीही लागलं नाही.

रेघोट्या:
तात्या, चारवर थांबू नका, कलम ९०३.२.२ (आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं) पुढे वाचा. क्लिनिक वरच्या मजल्यावर असेल तर एक पेशंटही पुरतो. मग तो अख्खा मजला आणि तिथून खाली बाहेर पडायच्या मजल्यापर्यंत सगळीकडे स्प्रिंकलर. खुर्च्या मोजायच्या नाहीत, भुलीतले पेशंट मोजायचे, रिकव्हरीत पडलेलेसुद्धा. नुसत्या गॅसवरचा माणूस हाक मारली की उठून चालतो, त्याला सहसा यात मोजत नाहीत. तसं डॉक्टरांचं पत्र जोडा. कितवा मजला? आणि ऑप-४ मध्ये आहे काय?

मोगरा_७:
रूट कॅनालला तिकडे किती घेतात? डिसेंबरात पुण्याला जातेच आहे, तिथेच करू का?

नीराकाठ:
इथेच कर गं. व्यनि (खाजगी निरोप) करते.

दाढदुखी:
दुसरा मजला, म्हणजे आपला पहिला. ऑप-४ जरा मोठी खोली आहे, मॉनिटर, ऑक्सिजन वगैरे. एक ओरल सर्जन महिन्यातून दोन शनिवार अक्कलदाढा काढायला येतो, आयव्ही लावून (शिरेतून औषध देऊन) झोपवतो. पण तो आमचा स्टाफ नाही.

रेघोट्या:
अहो, यालाच भूल म्हणतात!

तात्या_ह्यूस्टन:
महिन्यातल्या दोन शनिवारांसाठी स्प्रिंकलर? काहीही.

रेघोट्या:
कोड म्हणतो 'कोणत्याही वेळी'. शनिवारी आग सुट्टीवर असते का? दाढदुखी, एकतर ते शनिवार दुसरीकडे हलवा आणि तसं लेखी द्या, नाहीतर स्प्रिंकलर.

दाढदुखी:
घरमालक म्हणतो कॉरिडॉरमध्ये आहेत. चालेल?

रेघोट्या:
अख्खा मजला म्हटलं ना. आणि खालचा पण. खालच्या दुकानात जाऊन मान वर करून बघा.

दाढदुखी:
डोनटचं दुकान आहे. आत्ताच जाऊन आलो. छताला दोन पंखे आणि एक फुगा.