जॉन वुडन यांची पहिली सोळा वर्षे आणि आपल्याकडील महाविद्यालयीन प्रशिक्षक

पाचपाखाडीकर
माझा एक जुना विद्यार्थी ठाण्यातील एका महाविद्यालयात बास्केटबॉलचा प्रशिक्षक आहे. नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची आहे, मैदान उघडे सिमेंटचे असल्यामुळे पावसाळ्यात सराव जवळजवळ बंद पडतो, आणि मुले हाताशी येतात न येतात तोच पदवी घेऊन निघून जातात. यंदा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा व्यवस्थापनाने त्याच्याकडे जाब मागितला. त्याची बाजू मांडताना मी जॉन वुडन यांचा दाखला दिला. ते १९४८ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक झाले, पहिले राष्ट्रीय विजेतेपद मात्र १९६४ साली मिळाले, आणि पुढे १९७५ पर्यंतच्या १२ हंगामांत १० विजेतेपदे आली. त्यावर मला विचारण्यात आले, की आधीची सोळा वर्षे ते हरतच होते काय, आणि हरत असतील तर विद्यापीठाने त्यांना ठेवले कसे? जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरूळचा वाचक
सर, हरत मुळीच नव्हते. यूसीएलएमधील पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने २२ सामने जिंकले आणि ७ गमावले. तेथील २७ हंगामांपैकी एकाही हंगामात पराभवांची संख्या विजयांहून अधिक नव्हती. तसा हंगाम त्यांच्या वाट्याला एकदाच आला, तोही केंटकीतील डेटन येथे शाळेत शिकवत असताना, अगदी सुरुवातीला. त्यामुळे ‘सोळा वर्षे थांबा, मग फळ मिळेल’ असा अर्थ या कारकिर्दीतून काढता येणार नाही, आणि व्यवस्थापनापुढे तो मांडूही नये.

मात्र त्या वर्षांतील अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत. संघाची जुनी व्यायामशाळा लहान होती, तेथे कुस्तीगीर आणि जिम्नॅस्ट यांचाही सराव चाले, आणि सरावापूर्वी वुडन स्वतः जमीन पुसून घेत. पॉली पॅव्हेलियन हे मोठे सभागृह १९६५ साली उघडले, म्हणजे पहिली दोन विजेतेपदे त्याआधीची आहेत. १९६४ च्या विजेत्या संघातील पहिल्या पाचांत ६ फूट ५ इंचांहून उंच कोणीच नव्हते. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडणाऱ्या झोन प्रेसने त्यांनी उंचीची उणीव भरून काढली. हा डाव पुन्हा वापरण्याचा आग्रह साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी धरला होता, आणि वुडन यांनी तो ऐकला.

यूसीएलएपूर्वीची एक गोष्ट मला विजेतेपदांहून मोठी वाटते. इंडियाना राज्यातील शिक्षक महाविद्यालयाचा संघ त्यांच्याकडे असताना १९४७ साली राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले, परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथे मनाई असल्याने आणि संघात क्लॅरेन्स वॉकर असल्याने वुडन यांनी ते नाकारले. पुढच्या वर्षी मनाई उठली, वॉकर त्या स्पर्धेत खेळला, आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

वाशी, से. १०
तुमच्या विद्यार्थ्याने करंडकांपेक्षा त्यांच्या सरावाकडे पाहावे. वुडन पेशाने इंग्रजीचे शिक्षक होते आणि मैदानावरही शिक्षकच राहिले. साधारण दोन तासांच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते आधी लिहून काढत, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी मोजे सुरकुती न पडता कसे घालावेत हे शिकवत, कारण सुरकुतीने पायाला फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू सरावाबाहेर बसतो. त्यांच्या अखेरच्या हंगामात गॅलिमोर आणि थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाला बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कृतींत काय करायचे आणि कसे करायचे याची माहिती होती. निव्वळ शाबासकी आणि निव्वळ नापसंती प्रत्येकी सात टक्क्यांच्याही आत. आपल्याकडे मैदानाच्या कडेला उभे राहून केवळ ओरडणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

कोपरीवाला
थोडी दुसरी बाजू. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार, न्यूयॉर्कहून आले. त्यांच्या पहिल्या वर्षीच्या मुलांच्या संघाने १९६५ साली आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला हरवले, आणि तो मुख्य संघ तेव्हा राष्ट्रीय विजेता होता. पुढे बिल वॉल्टन आले आणि सलग ८८ सामन्यांचा विजयक्रम झाला, जो १९७४ साली नोत्र दाम विद्यापीठाने ७१-७० असा तोडला. असे खेळाडू नुसत्या आराखड्याने घडत नाहीत. शिवाय सॅम गिल्बर्ट नावाचा धनाढ्य पाठीराखा खेळाडूंना नियमबाह्य मदत करीत असे, आणि वुडन यांच्या निवृत्तीनंतर १९८१ साली विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन यांनी स्वतः गैरप्रकार केला असे कोणी सिद्ध केलेले नाही, पण त्यांनी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेप मला योग्य वाटतो.

पाचपाखाडीकर
सर्वांचे आभार. माझा दाखला अपुरा होता हे पटले. आता व्यवस्थापनाकडे वर्षांची मुदत मागण्याऐवजी पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस सभागृह मागावे, असे त्याला सुचवतो. सभागृहात बास्केट नाही. तेथे काय घ्यावे?

वाशी, से. १०
पायांची हालचाल, थांबणे आणि वळणे, छातीपासूनचा पास, आणि चेंडू न घेता बचावाचे सरकणे. एवढ्यावर दीड तास सहज जातो. आराखडा मात्र त्याने आदल्या रात्रीच लिहून ठेवावा.