‘ते आलं बघ’: गप्पांत तृतीयपंथीयांबद्दल असं कोणी बोललं, तर नेमकं काय म्हणावं?

चौथा_मजला

डब्याच्या टेबलावर, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत तृतीयपंथीयांचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं येतात. ‘एवढे धडधाकट आहेत, कामं करायला काय होतं?’ ‘सगळे नकली असतात.’ ‘मुलं पळवतात.’ आणि ‘आमचा काही विरोध नाही हो, पण आपल्या बिल्डिंगमध्ये नको.’ बोलणारे दुष्ट नसतात, लहानपणापासून ऐकलेलं तसंच पुढे ढकलतात. गप्प बसलं तर मान डोलावल्यासारखं होतं, बोललं तर व्याख्यान होतं आणि वर ‘तुला काय एवढं लागलं?’ हे ऐकावं लागतं. तोंडात बसेल असं काय म्हणावं आणि कुठे थांबावं, ते सांगा. नुसती कायद्याची कलमं नकोत.

खडूफळा

सुरुवात व्याकरणापासून करा. चेष्टेने सांगत नाही.

मराठीत तीन लिंगं, त्यामुळे पूर्वग्रह क्रियापदातच पकडता येतो. ‘ते आलं बघ.’ नपुंसकलिंगी एकवचन आपण लेकरासाठी, वासरासाठी वापरतो. मोठ्या माणसाला लावलं की त्याची वस्तू होते, आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही नसतं. यावर वाद घालू नका. पुढचं वाक्य तुम्ही बोला आणि त्यात ‘त्या’ म्हणा: ‘हो, त्या रोजच येतात या गाडीला.’ दहातले काही जण आपोआप सुधारतात, कारण आदरार्थी रूप कानावर पडलं की आपण त्याला जुळवून घेतो.

समोरची व्यक्ती स्वतःला काय म्हणवते हे माहीत नसेल, तर ‘तू’ सोडा. ‘तू आलास’ की ‘आलीस’ हे निवडावंच लागतं. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘कुठे राहता?’, ‘चहा घ्याल?’ यांत लिंग दिसत नाही. एक खड्डा मात्र आहे: ‘आलात’ चालतं, पण ‘आला आहात’ म्हटलं की ‘आल्या आहात’ समोर उभं राहतं.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ धरा. ‘त्यांनी फॉर्म भरला’, ‘त्यांना उशीर झाला.’ ‘म्हणणे’ इथे दगा देतं (म्हणाले/म्हणाल्या), त्याऐवजी ‘त्यांनी सांगितलं’. ‘ती व्यक्ती’ हेही आहे, पण दर वाक्यात आलं की पोलिसांचा पंचनामा वाचल्यासारखं वाटतं.

आणि एकदा कळलं की त्या बाई आहेत, किंवा ते पुरुष आहेत, की ही कसरत बंद. मग ‘त्या आल्या’, ‘ते आले’ सरळ म्हणायचं. कळल्यावरही आडवळण घेत राहिलात तर तो अपमानच आहे, फक्त सभ्य.

टपाल_हंशील

वरच्याला +1. आता वाक्यं घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही.

‘नकली असतात’ हे वाक्य बहुतेकदा गोंधळातून येतं. जन्मतः शरीराची रचना वेगळी असणं म्हणजे आंतरलिंगी. ती वेगळी गोष्ट. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण स्वतः स्त्री आहे, ती पारलिंगी स्त्री. उलट असेल तर पारलिंगी पुरुष. गुरू, चेले, घराणं, बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन घेतलेले पैसे) ही हिजडा समाजाची व्यवस्था, तिथे कोणी जन्माला येत नाही, सामील होतं. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेले जोगते हे आणखी निराळे. लोक हे सगळं एका पोत्यात भरतात आणि पोत्यातला एकजण दुसऱ्यासारखा दिसला नाही की ‘नकली’ म्हणतात. म्हणून उलट विचारा: ‘खरा म्हणजे कसा?’ उत्तर जवळजवळ नेहमी ‘जन्मापासून तसा’ असंच येतं. मग सांगता येतं की सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. त्या खटल्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतः सामील झाल्या होत्या. महाराष्ट्रात हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे गप्पा जमिनीवर येतात.

‘काम का करत नाहीत’ याला आकडेवारी नको, एक साधा प्रश्न पुरतो: ‘आपल्याकडे अर्ज आला तर घेतील?’ आणि गप्प राहा. टेबलावरची शांतता तुमच्यापेक्षा चांगलं बोलते. समोरून ‘ट्रेनमध्ये दमदाटी करतात त्याचं काय?’ आलं तर ते नाकारू नका, इथेच बरेच जण हरतात. कोणी दमदाटी केली तर ती त्या माणसाची दमदाटी. रेल्वेत 139 ला फोन करायचा, पाकीटमाराबद्दल करतो तसाच. पाकीटमारावरून आपण सगळ्या पुरुषांचं अनुमान काढत नाही.

‘मुलं पळवतात’ हे मात्र हसून सोडू नका. मे 2018 मध्ये हैदराबादेत याच अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार केलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव गेला, तोही मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून. ग्रुपवर असा मेसेज आला तर फोटो पुन्हा टाकून ‘खोटं आहे’ लिहू नका, कारण फोटोच पुढे जातो. दोन ओळी लिहा: ‘कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? नसेल तर ॲडमिनने काढून टाकावं.’ आणि ॲडमिनला वेगळा फोन करा.

‘इथे कुठे असतात असले लोक?’ हेही ऐकू येतं. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ रकान्यात देशभर 4,87,803 जण होते, महाराष्ट्रात 40,891. ज्यांची नोंद घरच्यांनी पुरुष किंवा स्त्री अशीच दिली, ते यात नाहीत. पारलिंगी पुरुष तर आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. तृतीयपंथी म्हटलं की डोळ्यांपुढे साडी आणि टाळीच येते.

निळी_शाई

टपाल_हंशील, ‘उलट विचारा’ हे पाच माणसांसमोर केलं तर ती तोंडी परीक्षा होते. माणूस चिडतो आणि आपलं वाक्य आणखी घट्ट धरतो. टेबलावर एकच वाक्य बोला, बाकी जिन्यात किंवा पानटपरीवर, दोघंच असताना.

आणखी एक. टेबलावर कोणी पारलिंगी बसलेलं असेल, किंवा असू शकेल (आपल्याला कळेलच असं नाही), तर त्यांच्याकडे वळून ‘तुम्हीच सांगा ना’ म्हणू नका. त्यांची जेवणाची सुट्टी आहे, हजेरी नाही. ‘ऑपरेशन झालंय का?’ हा प्रश्न कोणी टाकला तर तिथल्या तिथे कापा: ‘आपण एकमेकांना असलं विचारत नाही.’ पुढे एक शब्द नको, सरळ डब्यातल्या भाजीवर या.

‘छक्का’, ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’ हे तृतीयपंथीयांबद्दल बोललंच जात नसतं, एखाद्या पुरुषाला हिणवायला वापरतात. तिथे ‘शिवी बदल रे’ एवढं पुरतं.

उपविधी_वाचक

‘बिल्डिंगमध्ये नको’ ही गप्पा नव्हे, निर्णय आहे. इथे कलमं लागणारच, माफ करा.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा, 10 जानेवारी 2020 पासून लागू, त्याच्या कलम 3 मध्ये घर भाड्याने किंवा विकत घेण्यातला भेदभाव मना केलेला आहे. पण बैठकीत हे वाचून दाखवत बसू नका. शांतपणे म्हणा: ‘नकाराचं कारण इतिवृत्तात लिहून घेऊ या, खाली सचिवांची सही.’ तोंडी जे सगळ्यांना मान्य असतं ते लिहायला सहसा कोणी पुढे येत नाही. ‘सोसायटीचा निर्णय’ अशी मोघम ओळ येऊ देऊ नका. कोणी सुचवलं आणि कोणी अनुमोदन दिलं, ती नावं हवीत.

जाता जाता: दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेऊन, त्यांनी परत दिलेलं एक रुपयाचं नाणं गल्ल्यात जपून ठेवणारेच बैठकीत ‘आमच्या इथे नको’ म्हणतात. हे त्यांना बैठकीत ऐकवू नका. नंतर दुकानात जाऊन ऐकवा.

चौथा_मजला

व्याकरणाचं आजच सुरू करतो. एक राहिलं: घरातली मोठी माणसं. पंगतीत आत्या ‘ते आलंय दाराशी पैसे मागायला’ म्हणाली, तर सत्तरीच्या बाईला ‘असं बोलू नये’ कसं म्हणणार?

खडूफळा

म्हणू नकाच. मोठ्यांना चूक दाखवायची नसते, काम सांगायचं असतं. ‘आत्या, त्यांना पाणी विचारू का?’ दाराशी जाऊन आत्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात ‘बसा, पाणी आणतो’ म्हणा. परत आल्यावर भात वाढता वाढता, ‘त्या म्हणत होत्या, ऊन फार आहे आज.’ आत्या पुढच्या वाक्यात ‘ती’ म्हणाली तरी त्या दिवसापुरतं भरपूर झालं. ‘त्या’ व्हायला आणखी दोन सण जातील.