‘अ’ कधी, ‘द’ कधी?

प्रश्न: इंग्रजीत नामाच्या पहिल्या उल्लेखाला ‘अ’, दुसऱ्याला ‘द’, एवढं पाठ आहे. मग ‘क्लोज द डोअर’मध्ये पहिल्याच फटक्यात ‘द’ कसा? आणि ‘द गोदावरी’, पण कळसूबाईला काहीच नाही?

उत्तर १: पहिला-दुसरा उल्लेख हा नियमाचा फक्त एक तुकडा. खरी कसोटी अशी: नेमकं कोणतं, हे ऐकणाऱ्याला कळतंय का? खोलीला एकच दार आहे, म्हणून ‘द डोअर’. दारं तीन असतील आणि कोणतंही चालणार असेल, तर ‘ओपन अ डोअर’. आपली मुलं सर्वांत जास्त चुकतात ती वेगळ्याच ठिकाणी. मराठीत ‘ती डॉक्टर आहे’ म्हणताना ‘एक’ लागत नाही, म्हणून ‘शी इज डॉक्टर’ लिहून मोकळी होतात. एकवचनी, मोजता येणारं सामान्यनाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही: ‘शी इज अ डॉक्टर’.

उत्तर २: नावांचं बघा. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांना ‘द’. एकट्या शिखराला बहुधा नाही. म्हणून ‘द हिमालयाज’, पण ‘माउंट एव्हरेस्ट’. रुग्ण दाखल असेल तर ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ नको.

उत्तर ३: ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे कानाने ठरवा, स्पेलिंगने नव्हे: ‘अ‍ॅन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ‍ॅन एमएलए’. आणि ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’ यांच्याआधी ‘अ’ कधीच लावू नका. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणा.