एसएटी १५४० पण जीपीए ३.३५, मुलाच्या कॉलेजांची लिस्ट कशी करू?

जर्सीची_आई
नमस्कार मंडळी. मुलाची अकरावी आता संपतेय, १ ऑगस्टला कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप उघडलं की धावपळ सुरू होणार आणि आमची अजून लिस्टच ठरत नाहीये. त्याचा एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) १५४० आहे, मॅथ ७९० आणि इंग्लिशचा भाग ७५०, पहिल्याच अटेम्प्टला. आणि अनवेटेड जीपीए (ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी, अवघड विषयांना जादा वजन न देता काढलेली; ते दिलं की वेटेड) ३.३५. नववीत दोन सी, दहावीत केमिस्ट्री ऑनर्सला एक सी. यंदा बरंच सुधारलंय, कॉलेज पातळीच्या एपी कोर्सेसपैकी कॅल्क्युलस बीसीला ए मायनस, एपी फिजिक्सला बी प्लस, पण इंग्लिशला परत बी.

केमिस्ट्रीचं सांगते म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. शाळेचं ग्रेड्सचं पोर्टल उघडून बघितलं तर टेस्टमध्ये ९४, ९१, ९६, आणि खाली होमवर्क आणि लॅब रिपोर्टच्या ओळीत शून्य, शून्य, ५०, शून्य. ते ५० उशिरा दिला म्हणून. टीचर म्हणाल्या की वर्गात बाकीच्या मुलांना तोच समजावून सांगतो, स्वतःचं मात्र काही सबमिट करत नाही. घरात यावरून इतकं रामायण झालंय की आता मी नुसतं पोर्टल म्हटलं तरी तो उठून खोलीत जातो.

नवऱ्याचं म्हणणं, १५४० आहे तर कार्नेगी मेलन, जॉर्जिया टेक लावायलाच हवीत, स्कोअर बघून घेतील. काउन्सिलर म्हणते की ही लिस्ट ग्रेड्सना धरून नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. त्याला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. स्कोअरला जास्त वजन देणारी कॉलेजं कुठली? नववी-दहावीचं काय झालं ते निबंधात लिहावं का? आणि अर्ली अप्लाय करावं की थांबावं? खर्च साधारण रटगर्सच्या (आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ) इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या फीइतका झेपेल, त्याच्या वर ओढाताण होईल.

दोनदा_पार
ताई, दोन मुलांच्या अ‍ॅडमिशन्स झाल्यात आणि धाकटीचं अगदी असंच होतं, १५०० आणि ३.४, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे बघा की फाईल वाचणाऱ्याला काय दिसतं. स्कोअर कमी आणि ग्रेड्स चांगले असलेलं मूल त्यांना कष्टाळू वाटतं. स्कोअर जास्त आणि ग्रेड्स कमी असलं की वाटतं, याला जमतं पण हा करत नाही. कॉलेजात चार वर्षं दर आठवड्याला काहीतरी सबमिटच करायचं असतं, त्यामुळे बहुतेक कॉलेजं ग्रेड्सवर जास्त भरवसा ठेवतात. हे कडू आहे पण आधी मनाशी मान्य केलं की पुढची लिस्ट नीट होते. आमच्याकडे ते मान्य करायलाच ऑक्टोबर उजाडला होता.

आता कुठलं कॉलेज कशाला किती वजन देतं हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे कॉमन डेटा सेट असं टाकून सर्च करा, बहुतेक कॉलेजं दरवर्षी ती पीडीएफ टाकतात. त्यात सी७ नावाचा तक्ता असतो. विषयांची काठिण्यपातळी, जीपीए, क्लास रँक, टेस्ट स्कोअर, निबंध, प्रत्येकापुढे खूण असते की हे अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो की बघतच नाही. तुम्हाला अशी कॉलेजं शोधायचीत जिथे टेस्ट स्कोअरची खूण जीपीएच्या बरोबरीला आहे किंवा फार तर एक घर मागे. मग सी११ बघा, तिथे आत गेलेल्या मुलांपैकी किती टक्के ३.२५ ते ३.४९ मध्ये होते ते दिलेलं असतं. तुमचा मुलगा त्याच ओळीत बसतो. त्या ओळीत २% असतील तर ते स्वप्नातलं कॉलेज, १५% असतील तर बोलण्यासारखं. एक सांभाळा, काही कॉलेजं तिथे वेटेड जीपीए देतात, मग ती तुलना चालत नाही.

आम्ही टेबलाशी बसून एकवीस पीडीएफ बघितल्या आणि लिस्ट निम्म्यावर आली. लेकीने अकरा ठिकाणी अप्लाय केलं, चार ठिकाणी झालं, आणि चारही त्या सी११ मध्ये बरे दिसलेलेच होते.

बे_एरिया_काका
कॅलिफोर्नियाचा विचार असेल तर आधीच सांगतो. यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सगळी कॅम्पसेस टेस्ट-ब्लाइंड आहेत, म्हणजे १५४० काय आणि १६०० काय, अ‍ॅडमिशन देताना बघतच नाहीत. कॅल स्टेटनेही २०२२ मध्ये एसएटी बंद केली. तुमच्या मुलाची सगळ्यात जमेची बाजूच तिथे शून्य होते. एक दिलासा म्हणजे यूसी जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरत नाहीत, दहावी-अकरावीच. पण बाहेरच्या राज्यातल्यांना किमान ३.४ लागतो आणि किमान असून काही होत नाही, शिवाय आउट-ऑफ-स्टेट फी तुमच्या बजेटच्या कितीतरी वर. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

इथल्या लोकांसाठी मात्र एक सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यात असतीलच. कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्थानिक, स्वस्त कॉलेज) दोन वर्षं नीट करून यूसीला ट्रान्सफर घेतली तर हायस्कूलचे ग्रेड कोणी काढत बसत नाही. सहा कॅम्पसेसना तर अटी पूर्ण केल्या की ट्रान्सफरची हमीच मिळते: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. आपल्या लोकांना कम्युनिटी कॉलेज म्हटलं की चारचौघांत सांगायला जड जातं, पण माझ्या पुतण्याने हेच केलं आणि तो आज इंजिनिअर आहे.

ह्यूस्टनकर
माझं मत थोडं वेगळं आहे. वारं परत टेस्टच्या बाजूला फिरलंय ना. एमआयटीने २०२२ लाच टेस्टची सक्ती परत आणली, मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, यूटी ऑस्टिन. जॉर्जिया टेक, पर्ड्यू, फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं, सगळी मागतायत. म्हणजे त्यांना स्कोअर हवाय. १५४० वाल्याने घाबरून खाली का जायचं? भाऊजी बरोबर सांगतायत, चार-पाच मोठी लावून टाका.

दोनदा_पार
दादा, एक-दोन लावायला माझीही ना नाही, पण स्कोअर मागतात याचा अर्थ ग्रेडच्या जागी स्कोअर घेतात असा नाही हो. डार्टमथने परत का आणली ते बघा. त्यांचं म्हणणं होतं की साध्या, कमी साधनं असलेल्या शाळांमधली हुशार मुलं स्कोअर लपवत होती, जो दिला असता तर त्यांना मदतच झाली असती. म्हणजे स्कोअर ते त्या शाळेच्या संदर्भात वाचतात. जर्सीतल्या चांगल्या सबर्बमधल्या शाळेतून १५४० आला तर वाचणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही, त्याच शाळेतला १५४० आणि ३.९ वाला पोरगाही त्याच ढिगात असतो.

आणि यूटी ऑस्टिनचं तर तुम्हालाच जास्त माहीत. ९०% जागा टेक्सासच्या रहिवाशांना, आणि त्यातल्या बहुतेक शाळेतल्या रँकवर ऑटोमॅटिक, २०२६ च्या बॅचपासून तर टॉप ५%. जर्सीच्या मुलाला उरतं काय? जॉर्जिया टेकलाही बाहेरच्यांचं गणित घरच्यांपेक्षा फारच अवघड. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर सायन्सला अप्लाय करणाऱ्यांत १५४० हा नेहमीचा आकडा आहे. आणि ताई, आधी दुसऱ्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) शिरून मग सीएसला, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला, बदली करू हा विचारही करू नका, बऱ्याच ठिकाणी ते दार आता जवळपास बंदच झालंय. प्रत्येक कॉलेजला मेजर बदलायचा नियम आधी विचारून घ्या.

ह्यूस्टनकर
रँकचं मान्य. बाहेरच्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आमची दोघंही इथलीच म्हणून.

मग खात्रीचं एक सांगतो. अ‍ॅरिझोना स्टेट उघड सांगतं की टॉप २५% रँक, किंवा ठरलेल्या विषयांत ३.०, किंवा बाहेरच्या राज्यातल्यांना एसएटी ११८०, यातलं काहीही एक चालेल. इंजिनिअरिंगच्या शाखेला अट त्याहून जास्त असते, पण १५४० ला ती आडवी येत नाही. अलाबामाचंही बघा, स्कॉलरशिपचं टेबल वेबसाईटवरच असतं, पण ते स्कोअर आणि जीपीए दोन्हीवर चालतं, नुसत्या स्कोअरवर नाही. म्हणून वेटेड जीपीए किती होतो तो आजच काउन्सिलरकडून लिहून घ्या.

परत_आलेला
काकू, मी तुमचा मुलगा आहे असं समजून वाचा. मी २४ वर्षांचा आहे, माझा एसएटी १५२० होता आणि जीपीए ३.१.

मी होमवर्क करत नव्हतो असं सगळ्यांना वाटायचं. मी बऱ्याचदा केलेला असायचा. दहावीच्या शेवटी आईने बॅग उलटी केली तर तळाशी चुरगळलेले अकरा कागद निघाले, पूर्ण सोडवलेले, वर माझं नाव, तारीख, सगळं. दिलेच नव्हते. आई ते एकेक हाताने सरळ करत जमिनीवर मांडत होती आणि रडत होती आणि मला खरंच सांगता येत नव्हतं की का नाही दिले. तेव्हा घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरला, आळशी. मीही तोच धरून बसलो.

स्कोअरच्या जोरावर एका मोठ्या युनिव्हर्सिटीत गेलो. पहिल्या सेमिस्टरला तीनशे मुलांचे वर्ग, हजेरी नाही, कोणी विचारणारं नाही. मिडटर्मला ८८ आणि कोर्सला डी. डिसेंबरात प्रोबेशन (ग्रेड सुधारा नाहीतर बाहेर), मे महिन्यात घरी. घरी आल्यावर डॉक्टरकडे नेलं तेव्हा एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि कामं पुरी करायला जड जाणारी अवस्था) निघाला, एकोणिसाव्या वर्षी. मग दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, वर्गात पंचवीस मुलं, प्रोफेसर नावाने विचारायचे की कालचं कुठाय. तिथून ट्रान्सफर, मागच्या मे महिन्यात डिग्री झाली.

तुमच्या मुलाला तेच असेल असं मी म्हणत नाहीये. पण टेस्टला ९४ आणि सबमिशनला शून्य हे वाचून पोटात गोळा आला. लिस्टच्या आधी त्याची तपासणी करून घ्या, प्लीज. काही निघालं तर शाळेत ५०४ प्लॅन (अशा मुलांसाठी लेखी सवलती) मागता येतो, आणि कॉलेजातही अपंगत्व सेवा ऑफिसकडून सवलती मिळतात, पण तिथे त्या मुलाला स्वतः मागाव्या लागतात, आईवडिलांनी फोन करून चालत नाही.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा रँकिंग सोडून हे विचारा: पहिल्या वर्षाचे वर्ग केवढे असतात, अ‍ॅडव्हायझरला एकटं किती वेळा भेटता येतं, ग्रेड परीक्षेवर किती आणि दर आठवड्याच्या कामावर किती. आरआयटी, ड्रेक्सेलसारख्या ठिकाणी को-ऑप असतं, खऱ्या कंपनीत काही महिने काम, माझ्यासारख्यांना त्याने फार फरक पडतो. डब्ल्यूपीआयला टर्म फक्त सात आठवड्यांची असते, नापास झालं तर ट्रान्सक्रिप्टवर एफ येत नाही, नोंदच होत नाही, ऐकायला छान वाटतं, पण सातातला एक आठवडा हातातून गेला तर सावरायला वेळच नसतो. मला ते झेपलं नसतं. त्याला झेपेल का हे त्यालाच विचारा.

दोनदा_पार
वरचं वाचून डोळे भरून आले रे बाळा. ताई, आधी हेच करा.

राहिलेल्या दोन प्रश्नांबद्दल. मुख्य निबंध केमिस्ट्रीच्या सी वर खर्च करू नका, तो त्याच्याबद्दल असू दे. खरं कारण असेल तर अ‍ॅडिशनल इन्फर्मेशनच्या जागेत चार-पाच सरळ वाक्यं: काय होतं, कधी कळलं, त्यानंतर काय बदललं. कारण सापडलं नाही तर काहीच लिहू नका, सबब वाटते. काउन्सिलरच्या पत्रात आलं तर सगळ्यात उत्तम.

आणि अर्लीचं. १ नोव्हेंबरला पाठवलं तर ते तीनच वर्षं बघणार आणि त्यातली दोन वाईट. जानेवारीच्या रेग्युलरला बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड मिड-इयर रिपोर्टमधून पोचतात. चढता आलेख हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती पूर्ण होऊ द्या. बंधन घालणारं अर्ली डिसिजन (झालं तर तिथे जावंच लागतं) तर नकोच, स्कॉलरशिप किती मिळते हे ताडून बघायची संधी जाते. रटगर्स, एनजेआयटीला अर्ली अ‍ॅक्शन चालेल, तिथे बंधन नसतं. स्कोअर मात्र जिथे चालतो तिथे पाठवाच, ऑप्शनल असलं तरी.

जर्सीची_आई
तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. परत_आलेला, तुझं लिहिलेलं मी काल रात्री त्याला वाचायला दिलं. वाचून काही बोलला नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी येऊन म्हणाला, आई, इंग्लिशचे दोन निबंध लॅपटॉपवर लिहून पडलेत, दिले नाहीत, मिस आता घेतील का विचारशील? मी म्हटलं, तूच विचार, मी गाडीत थांबते. दहा मिनिटांनी आला, अर्धे मार्क देणार आहेत म्हणाला.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट १८ तारखेची मिळालीये. नवऱ्याने ऑफिसातून बसून सहा कॉलेजांचे सी७ आणि सी११ उतरवून काढले आणि कार्नेगी मेलन स्वतःच खोडलं, जॉर्जिया टेक एकच ठेवलंय. लिस्टमध्ये आता रटगर्स, एनजेआयटी, आरआयटी आणि अ‍ॅरिझोना स्टेट पक्के, तीन-चार अजून बघायचीत. सोमवारी काउन्सिलरकडे जातोय, वेटेड जीपीए लिहून घेते आणि मेजर बदलायच्या नियमांचं एकेका कॉलेजला ईमेल तो स्वतः करणार आहे.