ताण आणि निद्रानाशासाठी योगाची कोणती पद्धत निवडावी? शवासनात माझे मन अधिकच धावते

गोदाकाठ (प्रश्न):

नमस्कार. मी 44 वर्षांची असून नाशिकमध्ये एका पतसंस्थेच्या कर्जवसुली विभागात गेली सोळा वर्षे काम करते. मार्चअखेर जवळ आली की रात्री दोन-अडीचला जाग येते, थकीत खात्यांचे आकडे डोळ्यांपुढे येऊ लागतात आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मानेपासून डाव्या खांद्यापर्यंतचा भाग सतत आखडलेला असतो. दिवाळीनंतरच्या तपासणीत रक्तदाब 146/94 निघाला. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी घेते, आणि औषधाच्या जोडीने योगाभ्यास सुरू करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

त्यानंतर मी तीन वर्गांना जाऊन पाहिले. पहिल्या वर्गात संगीताच्या तालावर पाऊण तास वेगाने सूर्यनमस्कार घालून घेत. घाम भरपूर येई, पण घरी आल्यावरही छातीतील धडधड बराच वेळ थांबत नसे. दुसरा वर्ग घराजवळच्या उद्यानात भरे. तेथे कपालभातीचे शेकडो ठोके मोजून करवून घेत, आणि मी रक्तदाबाच्या गोळीविषयी सांगितले तेव्हा ‘काही होत नाही, करत राहा’ एवढेच उत्तर मिळाले. एके दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी बाकावर बसले आणि पुन्हा तेथे गेले नाही. सध्या पट्टे, लाकडी विटा, लोड आणि खुर्च्या वापरून आसने शिकवणाऱ्या वर्गाला जाते. तेथील शिक्षिका अतिशय काळजीपूर्वक शिकवतात आणि मानेला थोडा आरामही पडला आहे. मात्र शेवटी शवासनात पडले की दिवसभर मागे ढकललेले सगळे विचार एकदम अंगावर येतात. इतर जण शांत पडलेले असतात आणि मला उठून पळावेसे वाटते.

माझ्यासारखीने कोणती पद्धत धरून ठेवावी? एकाच वेळी दोन पद्धतींचा अभ्यास करणे चुकीचे आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पर्वतीपायथा:

ताई, आपण आज जेथे जाता तेथे मानेला आराम पडत असेल आणि शिक्षिका लक्ष देत असतील, तर तो वर्ग सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी पुण्यात गेली बावीस वर्षे अय्यंगार पद्धतीने अभ्यास करतो. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली केवळ सहा महिने योग शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि येथेच स्थायिक झाले. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे शरीर पोखरून टाकले होते. म्हणूनच दुबळ्या किंवा आजारी माणसालाही आसनाचा लाभ मिळावा, यासाठी आधार देण्याची एवढी बारकाईने विचार केलेली व्यवस्था त्यांच्याकडून उभी राहिली असावी, असे मला वाटते. पट्टा किंवा वीट ही कमकुवत माणसासाठीची सवलत नव्हे. आसनात जो स्नायू विनाकारण झटत असतो, त्याला ‘तू आता थांबलास तरी चालेल’ हे त्या आधारामुळे कळते.

आपल्या तक्रारीला सर्वांत जवळचे उदाहरण सांगतो. अधोमुख वीरासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसून, पुढे वाकून कपाळ लोडावर टेकवले, तर मानेला डोक्याचा भार पेलावा लागत नाही. कपाळाची त्वचा भुवयांच्या दिशेने हलकेच सरकेल अशा बेताने डोके ठेवायचे, जबडा सैल सोडायचा आणि जीभ खालच्या दातांमागे पडू द्यायची. पहिल्या मिनिटात काहीच घडत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे आपोआप कानांपासून दूर जातात आणि आपण दिवसभर ते वर ओढून धरले होते, हे तेव्हा कुठे लक्षात येते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर उशी ठेवून हेच करता येते.

रक्तदाब पूर्ण आटोक्यात येईपर्यंत शीर्षासनाचा विचारही करू नये. मागे वाकण्याची आसने उत्तेजक असतात असे आमच्याकडे शिकवतात, म्हणून ती रात्री झोपण्याच्या सुमारास टाळावीत. शवासनाबद्दल आपल्या शिक्षिकेला स्पष्ट सांगा. आमच्या वर्गात अशा वेळी क्रेप बँडेज कपाळावरून आणि डोळ्यांवरून अलगद गुंडाळतात, फार घट्ट नाही. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे सारखी हलत असतात. त्यांच्यावर हा हलका दाब आला की ती स्थिरावतात आणि विचारांचा वेगही कमी होऊ लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

माणदेशी:

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र या चर्चेतून सूर्यनमस्कार म्हणजे धडधड वाढवणारा प्रकार, असा समज होऊ नये. आमच्या भागात सूर्यनमस्काराची परंपरा मोठी आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नियमाने सूर्यनमस्कार घालत असत आणि संस्थानातील शाळांतून त्यांनी ते मुलांना शिकवले. माझे आजोबा त्याच शाळांपैकी एकीत शिकले आणि वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत रोज बारा नमस्कार घालत. त्यांचा एक नमस्कार पूर्ण व्हायला जवळजवळ एक मिनिट लागे. हात वर जाताना श्वास आत घ्यायचा, खाली वाकताना बाहेर सोडायचा, आणि श्वास हालचालीच्या मागे पडू लागला तर हालचाल थांबवायची, एवढा एकच नियम त्यांनी आम्हा नातवंडांना घालून दिला होता.

आपण पाहिलेल्या पहिल्या वर्गात चूक असेल तर ती गतीची असावी. संगीताचा ताल शरीराबाहेरून येतो आणि आपला श्वास त्याच्यामागे धावत सुटतो. मनाची तगमग ज्याला आडवे पडू देत नाही, त्याने आधी दहा-बारा मिनिटे शरीर चालवावे आणि मग पडावे, असे माझे मत आहे. दिवसभर खुर्चीत बसून साठलेली अस्वस्थता हालचालीवाटेच बाहेर पडते. सकाळी सहा संथ नमस्कार घालून पाहा. मात्र रक्तदाबामुळे डॉक्टरांना आधी विचारावे, आणि हस्तपादासनात, म्हणजे उभ्याने खाली वाकण्याच्या स्थितीत, डोके फार वेळ खाली लोंबकळत ठेवू नये.

वैनगंगा:

मी नागपूरला गेली एकोणीस वर्षे योगवर्ग घेते. जनार्दनस्वामींच्या परंपरेत मी शिकले आणि पुढे लोणावळ्याच्या कैवल्यधामाची पद्धतही अभ्यासली. ताई, आपला प्रश्न वाचून मला विशेष बोलावेसे वाटले, कारण शवासनाची भीती वाटणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात आणि त्यांतील बरेच जण ‘योग आपल्यासाठी नाही’ असे समजून मध्येच सोडून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ गोष्ट श्वासाची आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडताना मंद होतात. नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वसन केले तर पुष्कळांना हे स्वतःच जाणवते. उच्छ्वास लांबवला की शरीराला विश्रांती देणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा, त्यातही व्हेगस या मोठ्या मज्जातंतूचा, प्रभाव वाढतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. संथ प्राणायामात हीच संख्या सहाच्या आसपास आणता येते. कपालभातीत याच्या उलट घडते, कारण तेथे उच्छ्वास आखूड आणि जोरकस असतो. तत्त्वतः ती शुद्धिक्रिया आहे, आणि हठयोगाच्या ग्रंथांत तिची गणना षट्कर्मांत, म्हणजे सहा शुद्धिक्रियांत, केलेली आहे. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असताना ती करू नये, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. आपण गोळीविषयी सांगूनही तुमचे म्हणणे उडवून लावले गेले, हे वाचून एक शिक्षिका म्हणून मला संताप आला. तो वर्ग सोडलात हे योग्यच केलेत. भस्त्रिका (भात्यासारखे जोरकस श्वसन) आणि कुंभकही (श्वास रोखून धरणे) तूर्त दूर ठेवावेत.

स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास सुरुवात केली; त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचाही उपयोग केला. या परंपरेत आसन सावकाश घेणे, त्यात जोर न लावता टिकणे आणि तितक्याच सावकाश सोडणे, यावर भर असतो. पतंजलींनी ज्याला प्रयत्नशैथिल्य म्हटले आहे, ते हेच. अय्यंगार पद्धतीत जे काम लोड आणि पट्टा करतात, तेच येथे कमी ताणून आणि जास्त थांबून साधले जाते. त्यामुळे या दोन पद्धतींचा एकमेकींना विरोध आहे असे मला वाटत नाही. फक्त एकाच तासात दोन्ही मिसळू नयेत, नाहीतर शरीराला एकही भाषा नीट येत नाही.

आता शवासनाविषयी. ज्याचे मन आधीच सावध पहाऱ्यावर आहे, त्याला ‘काही करू नका, नुसते पडा’ असे सांगणे म्हणजे त्याला त्या पहाऱ्यावर एकटे सोडणे होय. अशा वेळी मी प्रथम मकरासन देते. पालथे झोपून हातांची घडी कपाळाखाली घ्यायची आणि पोट जमिनीला टेकू द्यायचे. श्वास आत आला की पोट जमिनीला दाबते आणि कंबर जराशी वर उचलली जाते. बाहेर गेला की कंबर खाली बसते. मनाला पाहण्यासाठी एक ठोस गोष्ट मिळते, आणि पोट झाकलेले असल्यामुळे शरीरालाही सुरक्षित वाटते. मानेला त्रास होत असेल तर छातीखाली पातळ उशी घ्यावी. पंधरा दिवस हे जमले की योगनिद्रेकडे वळावे. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी आजच्या स्वरूपात मांडलेल्या या अभ्यासात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून एकेका बोटाचे, मग तळव्याचे, मनगटाचे, कोपराचे नाव घेतात आणि लक्ष तेथे तेथे नेतात. नावे पुरेशा गतीने पुढे सरकत असल्यामुळे थकीत खात्यांच्या आकड्यांना मध्ये शिरायला जागा उरत नाही. मार्गदर्शन करणारा आवाज ओळखीचा असेल तर अधिक चांगले. माझी एक विद्यार्थिनी आपल्या बहिणीच्या आवाजात हे ध्वनिमुद्रण करून घेऊन ऐकते.

रात्री दोनला जाग आली तर दिवा न लावता, डाव्या कुशीवर वळून, चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा किंवा जमल्यास आठ अंक मोजत सोडावा. आकडे आपल्याला छळतात, म्हणून तेच कामाला लावावेत. झोप आणण्याचा हट्ट मात्र धरू नये.

अस्थिबंध:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेपासून खांद्यापर्यंत आखडणे हे बहुधा बसण्याच्या पद्धतीमुळे आणि ताणामुळे असते. परंतु डाव्या हातात मुंग्या येणे, बोटे बधिर होणे किंवा वस्तू धरताना पकड सुटणे यांपैकी काहीही होत असेल, तर आसने थांबवून आधी तपासणी करून घ्यावी. चालताना किंवा जिना चढताना खांद्यात दुखून छातीत दडपण येत असेल, तर हृदयाची तपासणी तातडीने करावी; आपला रक्तदाब पाहता ही शक्यता दुर्लक्षू नये. मान गोल फिरवण्याचा व्यायाम टाळावा. सर्वांगासनाऐवजी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठीवर झोपावे. रक्तदाबाची गोळी, कितीही बरे वाटले तरी, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गोदाकाठ:

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. अस्थिबंध यांचे वाचून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. हृदयाचा आलेख व्यवस्थित आहे, मुंग्या किंवा बधिरपणा नाही, आणि संथ सूर्यनमस्कारांना त्यांनी परवानगी दिली, मात्र चारपासून सुरुवात करण्यास सांगितले. आता पाच आठवडे झाले आहेत. सकाळी चार नमस्कार घालते. आठवड्यातून तीन दिवस पूर्वीचाच वर्ग सुरू आहे, आणि शवासनाच्या वेळी शिक्षिकेने स्वतःहून मला मकरासनात राहू दिले. पहिल्या दिवशी कंबर उचलली जाते आहे की नाही हे समजतच नव्हते, कारण माझा श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला होता. दहाव्या की अकराव्या दिवशी पोट जमिनीला दाबल्याचे प्रथम जाणवले, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आले.

रात्रीची जाग अजून पूर्ण थांबलेली नाही, पण आता बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा झोप लागते. एकच शंका उरली आहे. वैनगंगाताई, उच्छ्वास आठपर्यंत नेला की शेवटी श्वास कोंडल्यासारखे होते आणि पुढचा श्वास घाईने घेतला जातो. ते चालेल का?

वैनगंगा:

नाही, ताई. पुढचा श्वास घाईने घ्यावा लागतो, याचा अर्थ उच्छ्वास आपल्या क्षमतेपेक्षा लांब गेला आहे. सध्या तीन अंकांत घ्या आणि पाच अंकांत सोडा. पुढचा श्वास न ओढता आपसूक आत येऊ लागला, आणि असे सलग आठवडाभर घडले, की मगच एक अंक वाढवा. डोळ्यांत पाणी आल्याचे लिहिलेत. माझ्या वर्गात हे अनेकांना होते, त्याची चिंता करू नये. तसे पुन्हा झाले तर ते येऊ द्यावे आणि पालथेच राहावे.